समाधान म्हणजे गप्प बसणे नव्हे

पेडण्यातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती मातीच्या आणि जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची; आम्ही त्याचे मुंडकार, त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे. गोव्याच्या 1975 च्या मुंडकार कायद्याने हाकलले जाण्याची भीती कमी झाली, तरी एखादा नवा चिरा बसवायचा म्हटला की आई आधी भाटकाराच्या घराकडे बघायची.

डिचोलीला दिलेल्या माझ्या बहिणीने प्रधानमंत्री आवास योजनेतून घर बांधले. ग्रामीण योजनेत किमान 25 चौरस मीटर, स्वयंपाकघर धरून. पहिल्याच पावसात तिने मला एक कोपरा दाखवला. स्लॅब घालणाऱ्याने उतार नीट दिला नव्हता. देवांच्या तसबिरींमागे बुरशी चढली होती. ती हळूच म्हणाली, "ताई, एवढं घर मिळालं, वर तक्रार केली तर देवाला बरं दिसेल?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. योगसूत्रांत संतोष हा नियम सांगितला आहे. पण संतोष हा आपल्या हावेला लगाम आहे, दुसऱ्याच्या हलगर्जीपणावर पांघरूण नव्हे. सांखळीच्या विठ्ठलापुढे आम्ही हात जोडतो ते कृतज्ञतेने. ती कृतज्ञता माणसाला मिंधे करत नाही. घर उपकार मानले की तोंड मिटते; हक्क मानले की त्याची काळजी घ्यावीशी वाटते.

सकाळी मी म्हटले, "अर्ज लिही." तिने लिहिला. संध्याकाळी त्याच घरापुढच्या तुळशीपाशी तिने दिवा लावला, कोणाच्याही घराकडे न बघता.