खोक्यात राहिलेला कागद

गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा मेडिकलवाल्यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचा असतो. चिठ्ठी सहसा कोणी मागत नाही. गोळ्या न्यायला बहुधा नवरा नाहीतर दीर येतो, आवाज खाली आणून नाव सांगतो, दुकानदार कात्रीने पट्टी कापतो आणि नऊ-दहा गोळ्या पुडीत पडतात. औषधाबरोबर आलेला बारीक अक्षरांचा माहितीचा कागद मात्र खोक्यातच राहतो. मंगळागौर, भावाचं लग्न, अष्टविनायक, चारधाम. निमित्त बदलतं, पद्धत तीच. जिच्या पोटात गोळी जाणार तिचं वय किती, रक्तदाब किती, तिच्या माहेरी कोणाला रक्ताची गुठळी झाली होती का, यातलं काही कोणी विचारत नाही.

हीच बाई गर्भनिरोधक गोळी घ्यायची म्हणाली, तर सासू, नणंद, शेजारीण सगळ्या बजावतात: वजन वाढेल, पुढे मूल राहणार नाही. संततिनियमनासाठी घेतलं की हार्मोन वाईट, सोवळ्यासाठी घेतलं की निरुपद्रवी, असा आपला घरगुती औषधकोश आहे. शरीर तो वाचत नाही.

पाळी लांबवायला सर्रास दिलं जातं ते नॉरएथिस्टेरॉन. ५ मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून तीनदा. हेच हार्मोन काही देशांत एकट्याने गर्भनिरोधक म्हणूनही देतात. तेव्हा त्याची रोजची मात्रा ०.३५ मिलिग्रॅम असते. म्हणजे सणासाठीची मात्रा त्याच्या चाळीस पटींहून जास्त. आणि एवढ्या मात्रेत त्यातला थोडा अंश शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिओल होतो. आपल्या सरकारी ‘माला-एन’ या गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन ते हेच, एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम. ज्या बाईला गुठळीचा धोका आधीच जास्त आहे, तिला पाळी लांबवण्यासाठी नॉरएथिस्टेरॉन देऊ नये, हवं तर मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचा विचार करावा, असं ब्रिटनमधले तज्ज्ञ सांगतात ते यामुळेच. आपल्याकडे एवढा विचार करायला मुळात कोणी तिला समोर बसवून बोललेलं असावं लागतं.

तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात पोचतं. रक्त गोठवणारी बरीचशी प्रथिनं तिथेच तयार होतात. त्यांचं प्रमाण वाढतं आणि गोठण्याला आवर घालणारं प्रोटीन-एस कमी होतं. गरोदरपणातही शरीर हेच करतं, बाळंतपणात रक्त वाहून जाऊ नये म्हणून. गुठळी बहुधा पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत धरते. तिथून तुकडा सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकला, तर जीव जाऊ शकतो.

धोका किती? युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली दिलेले आकडे असे: गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांमध्ये वर्षाला साधारण दोघींना गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेली संयुक्त गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. ड्रॉस्पिरेनॉन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या गोळ्यांत नऊ ते बारा जणींना. गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत धोका याहून वर जातो. तेव्हा गुठळीच्या भीतीने गोळी फेकून नको असलेलं गरोदरपण ओढवून घेणं हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे.

तो एकदा मोठ्या प्रमाणावर झाला. १९९५च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये सरकारी इशारा निघाला, की नव्या पिढीच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका दुप्पट होतो. दुप्पट हे खरंच होतं. मात्र सात हजारांत एकीऐवजी सात हजारांत दोघी, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो बातम्यांत हरवला. घाबरलेल्या बायकांनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे तेरा हजार गर्भपात जास्त झाले. आकडा सांगितला, पण कशातला किती ते सांगितलं नाही, तर माहितीसुद्धा अपाय करते.

तरीही लपवण्यापेक्षा सांगणं बरं, हा धडा अमेरिकेतल्या बायकांनी त्याआधी पंचवीस वर्षं शिकवला होता. तिथे ‘एनोव्हिड’ या गोळीला गर्भनिरोधक म्हणून १९६०मध्ये परवानगी मिळाली. १९६१मध्ये एका इंग्रज डॉक्टरने ती घेणाऱ्या नर्सच्या फुप्फुसात गुठळी झाल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवलं. पुढे बार्बरा सीमन यांचं गोळीवर आरोपपत्र ठेवणारं पुस्तक आलं आणि जानेवारी १९७०मध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी सुनावणी घेतली. साक्षीला गोळी घेतलेली एकही बाई बोलावली नव्हती. अ‍ॅलिस वुल्फसन आणि त्यांच्या मैत्रिणी प्रेक्षकांतून उठून ओरडल्या, कॅमेरे त्यांच्याकडे वळले. त्याच वर्षी गोळीच्या खोक्यात रुग्णासाठी माहितीचा कागद घालणं सक्तीचं झालं. आपण कात्री लावून बाजूला ठेवतो तो कागद असा भांडून मिळवलेला आहे.

त्यावरची लक्षणं आपल्या सणांत हमखास झाकली जातात, ही खरी अडचण. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते. घरचे म्हणणार, दिवसभर ओट्याशी उभी होती. एकाएकी दम लागतो, खोल श्वास घेताना छातीत कळ येते, उपासाची अ‍ॅसिडिटी. कधी नव्हे इतकं डोकं दुखतं, नजर अंधुक होते, जागरण. पण असं डोकं मेंदूतल्या शिरेतल्या गुठळीनेही दुखतं, आणि एका अंगाची शक्ती गेली किंवा बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी विसर्जनापर्यंत थांबू नये, थेट मोठं रुग्णालय गाठावं. पायाची डॉपलर सोनोग्राफी, छातीचं सीटी स्कॅन यांतून निदान होतं आणि वेळेत रक्त पातळ करणारी औषधं मिळाली तर बहुतेक जणी बऱ्या होतात. तिथला डॉक्टर विचारेल, काही औषधं चालू आहेत का? ती नाही म्हणेल, कारण पाळीच्या गोळ्या तिच्या लेखी औषधांत मोडत नाहीत. म्हणून प्रश्न नाव घेऊन विचारायला हवा: पाळीची, पोट राहू नये म्हणून, कुठलीही गोळी गेल्या महिन्याभरात घेतली का?

आणि काउंटरवरचे प्रश्न तरी कितीसे आहेत! आधी कधी गुठळी झाली होती का, आई-बहिणीला झाली होती का, नुकतंच बाळंतपण झालंय का, डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चकाकत्या रेघा येतात का, सिगारेट ओढता का, नुकतं ऑपरेशन झालंय का. दोन मिनिटांचं काम. यातल्या एकालाही ‘हो’ आलं तर गोळी न देता डॉक्टरकडे पाठवायचं. संततिनियमनाचीच गरज असेल तर अशा बाईला हार्मोनविरहित कॉपर-टी आहे.

सणासाठी मात्र आणखी एक उपाय उरतो, तो कुठल्याही कंपनीच्या कागदावर छापलेला नसतो: पाळी आली तर येऊ द्यावी आणि त्याच हातांनी गौरीला नैवेद्य दाखवावा. त्याला चिठ्ठी लागत नाही. घरातल्या थोरल्या बाईची परवानगी लागते, आणि बऱ्याच घरांत तीच मिळत नाही.