शिवणीतली माया

परवा सदलग्यात शिंप्याकडे ब्लाउज आणायला गेले, तेव्हा माझ्या आधी एक मुलगी उभी होती. कॉलेजात जाणारी असावी. पिशवीतून तिनं एक जुनं इरकल लुगडं काढलं. "मामा, ह्यातनं ड्रेस हुतोय का बघा की. कापडाला पैसे न्हाईत, शिलाईपुरतं हाईत."

मामांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. लुगडं उजेडाला धरून हातभर हातभर सरकवत शेवटपर्यंत बघितलं. "मधी इरलंय. खरं पदर बघ, काल इणल्यागत हाय."

मग दोघांचा विचार सुरू झाला. काठ गळ्याला आणि बाह्यांना लावायचा, पदराचं रेशीम पुढं छातीवर घ्यायचं. बाकीचं अंग त्याच लुगड्यातून, विरलेला भाग टाळून काढायचं. नऊ वारांत एका ड्रेसचं चांगलं कापड निघतंच. माझा ब्लाउज तयारच होता, पण मी तिथंच बसून राहिले.

घरी येताना इरकलचाच विचार मनात होता. हे लुगडं बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचं, आपल्या तोंडी त्याचं इरकल झालं. जुन्या पद्धतीत अंग सुती आणि पदर तेवढा रेशमाचा. सुताचा ताणा वेगळा, रेशमाचा वेगळा, आणि दोन्हींचे धागे फासे घालून एकमेकांत गुंतवायचे. या जोडाला तिकडे कोंडी म्हणतात. त्यामुळे प्रत्येक लुगड्याचा ताणा निराळा लावावा लागतो. एवढा खटाटोप का? मला वाटतं, सगळं लुगडं रेशमाचं घेणं आमच्या भागातल्या बाईला कधी जमण्यासारखं नव्हतं. पदर मात्र डोक्यावरून खांद्यावर येतो, समोरच्याची नजर आधी तिथंच जाते. विणकरानं रेशीम नेमकं तिथं ठेवलं. निऱ्यांत दडणाऱ्या, बसता-उठता झिजणाऱ्या भागाला मजबूत सूत दिलं. चोळीचंही तसंच. गुळेदगुड्डचा खण म्हणजे इवलासा तुकडा, पण त्याच्यावर रथ विणलेला, हत्तीचं पाऊल विणलेलं. एवढ्याशा कापडानं सगळा पोशाख उजळून निघतो. थोडक्या पैशात देखणं कसं दिसावं, याचं उत्तर आमच्या आज्या-पणज्या रोज अंगावर नेसत होत्या.

हातमागावरून आठवलं, याच सदलग्याचा विद्याधर अष्टगे हा मुलगा १९४६ सालच्या शरद पौर्णिमेला जन्मला. १९६८ मध्ये अजमेरला दिगंबर मुनिदीक्षा घेऊन तो मुनी विद्यासागर झाला, आणि पुढे आचार्य. वस्त्राचा त्यांनी पुरता त्याग केला होता. तरीही उतारवयात त्यांनी तरुणांना हातमागाकडे वळायला सांगितलं. त्यांच्या प्रेरणेनं ठिकठिकाणी हातमाग सुरू झाले, सागरच्या तुरुंगात कैद्यांच्या हातीही धोटा आला. ज्यांना स्वतःला सुताचा एक धागा नको होता, त्यांना विणणाऱ्या हाताची एवढी काळजी होती! त्या मुलीनं जुनं लुगडं टाकून दिलं नाही, याचा मला जो आनंद झाला त्यात ही जाणीवही होती. कुणीतरी फासा फासा घालून तो पदर जोडला होता.

माझ्या आजीकडे रानात नेसायची दोन लुगडी होती आणि चारचौघांत जायचं एक इरकल. दिवसभर तंबाखूच्या रानात काम. घरी आली की हातपाय धुऊन, केस चापूनचोपून बसवून ती धुतलेलं लुगडं नेसायची. ओसरीवर येऊन बसली की पाटलिणीसारखी दिसायची. तिचं एकच सांगणं होतं, "कापड जुनं असूदे, त्याची लाज न्हाई. उसवलेलं दिसाय नको." लुगडं मधे विरलं की ती तेवढा भाग कापून दोन्ही तुकडे जोडायची, दांड घालायची, आणि नेसताना तो दांड निऱ्यांत बेमालूम लपवायची. इरकलाचा पदर रिठ्याच्या पाण्यात धुवायचा आणि सावलीतच वाळवायचा. वडिलांच्या सदऱ्याला भाताच्या पेजेची खळ. इस्त्री म्हणजे निखारे भरलेला पितळी तांब्या. तो फडक्यानं धरून ती असा फिरवायची की कॉलर ताठ उभी राहायची. यातल्या कशालाही फारसा पैसा लागला नाही. वेळ मात्र लागला, आणि रानातून दमून आल्यावर तो वेळ काढणं सोपं नव्हतं, हे मला आता कळतं.

शिंप्यांच्या बोलीत एक शब्द आहे, माया. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात ती माया. "माया सोडलीय, अंगानं भरलीस तर उसवून दीन," असं आमचा शिंपी आईला म्हणायचा. माझ्या शाळेच्या फ्रॉकला खाली चार बोटं माया असायची. दर जूनमध्ये एक टीप उसवायची, फ्रॉक खाली यायचा आणि जुन्या दुमडीची गडद रेघ घेऊन मी शाळेत जायचे. त्या रेघेकडे कुणी बघितलं की मी आक्रसायचे. आता वाटतं, आईनं आणि शिंप्यानं मिळून माझं वाढणं आधीच हिशेबात धरलं होतं.

आज इचलकरंजी इथून हाकेच्या अंतरावर आहे. १९०४ मध्ये तिथं विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि गावाचं नशीब पालटलं. कापडाची या भागाला वाण नाही. पण तयार कपडे घेताना मी पोरींना सांगते, आधी कपडा उलटा करा आणि आतली शिवण बघा. कितीतरी स्वस्त कपड्यांत माया अजिबात नसते, दोऱ्याच्या कडेलाच कापड संपतं. चार धुण्यांत अशा कपड्याचा आकार जातो आणि तो दुरुस्तही होत नाही. पाच घेण्यापेक्षा दोन घ्या. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर बसते का बघा, कमरेचं आणि लांबीचं शिंपी बघून घेईल.

आणि पायात काय? कोल्हापुरी चप्पल या भौगोलिक मानांकनात आमचा बेळगाव जिल्हाही आहे. निपाणी-अथणीकडचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ती करत आले आहेत. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाच्या पुरुष मॉडेलांच्या पायांत हुबेहूब तशी चप्पल दिसली, गदारोळ झाला, आणि कंपनीला तिचं मूळ भारतात आहे हे मान्य करावं लागलं. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारा माणूस अंगठा तुटला की तो शिवून, तळ झिजला की नवा लावून तीच चप्पल वर्षानुवर्षं वापरतो. तेल दिलेली कोल्हापुरी घालून आणि धुतलेलं धोतर नेसून तो जत्रेला निघतो, तेव्हा त्याच्याइतका रुबाबदार माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दुकानात त्या दिवशी मामांनी कापड मेजावर पसरलं, माप लिहून घेतलं आणि खडूनं रेघ ओढायला वाकले. मुलगी दारापर्यंत जाऊन परत आली.

"मामा, माया जरा जास्त ठेवा. माझं झालं की धाकटी घालंल."

मामांनी काही न बोलता रेघ बोटानं पुसली आणि दोन बोटं बाहेर नवी ओढली.