परक्या मुलाची राखण : कर्तव्याचे मूळ आणि त्याच्या अटी

लहान मुलाच्या रक्षणाचे कर्तव्य कोठून उद्भवते, हा प्रश्न नीतिविचारात बहुधा मातापित्यांच्या संदर्भात विचारला गेला आहे. परंतु मूल दिवसभरासाठी परक्या व्यक्तीच्या हाती सोपवले जाते तेव्हा तो अधिक अवघड होतो. पाळणाघरातील सेविकेचे त्या मुलाशी रक्ताचे नाते नसते, तिच्यापाशी एकाच वेळी अनेक मुले असतात आणि हे काम ती वेतन घेऊन करते. तरीही त्या तासांपुरता मुलाचा जीव तिच्या लक्षावर अवलंबून असतो. हे लक्ष तिने का द्यावे, ते कोणत्या प्रकारचे असावे आणि ते देणे तिला शक्य व्हावे म्हणून इतरांवर कोणती जबाबदारी येते, या तीन प्रश्नांचा विचार एकत्र करावा लागतो.

पहिल्या प्रश्नाचे सर्वांना सुचणारे उत्तर प्रेम हे आहे. सुत्तनिपात या पाली ग्रंथातील मेत्तसुत्तात, आई आपल्या एकुलत्या एका मुलाला प्राणपणाने जपते तशी भावना सर्व प्राणिमात्रांविषयी वाढवावी, असा उपदेश आहे. हा आदर्श उदात्त असला तरी दैनंदिन कर्तव्याचा पाया म्हणून केवळ भावना पुरत नाही. कारण लाघवी मुलाविषयी सहज माया वाटते, आणि सतत किरकिर करणाऱ्या किंवा चावणाऱ्या मुलाविषयी ती तितक्या सहजपणे वाटत नाही, परंतु रक्षणाचा हक्क मात्र दोघांचा सारखाच असतो. दुसरे उत्तर कराराचे आहे : पालक शुल्क देतात, म्हणून संस्था मुलाला सांभाळते. या उत्तराने कामाचे तास आणि मोबदला स्पष्ट होतो. पण ज्याच्यासाठी करार केला जातो ते मूल त्या कराराचा पक्षकार नसते, आणि एखाद्या महिन्याचे शुल्क थकले म्हणून त्या मुलाकडे दुर्लक्ष करणे क्षम्य ठरेल, असे कोणीही म्हणणार नाही.

जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जबाबदारीविषयक ग्रंथात तिसरे उत्तर मांडले. त्यांच्या मते जबाबदारीचे आद्य रूप नवजात अर्भकाच्या ठिकाणी दिसते; ज्याचे अस्तित्व सर्वस्वी दुसऱ्याच्या सामर्थ्यावर अवलंबून आहे, त्याचे असणे हेच त्या समर्थ व्यक्तीला बांधून घालते. योनास यांचा रोख मुख्यतः जन्मदात्यांकडे असला तरी हा युक्तिवाद पाळणाघरालाही लागू पडतो. मूल हाती आले, त्या क्षणापासून त्याचे बरेवाईट करण्याचे सामर्थ्य सेविकेकडे येते आणि त्या सामर्थ्याबरोबरच कर्तव्यही येते. प्रेम त्या कर्तव्याला ओलावा देते आणि करार त्याला चौकट देतो, परंतु त्याचे मूळ मुलाच्या असहायतेत असते.

या कर्तव्याचे स्वरूप मात्र संकटातून वाचवण्याच्या कर्तव्याहून वेगळे आहे. चिनी विचारवंत मेन्सियस यांनी इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात असे उदाहरण दिले होते की, मूल विहिरीत पडणार असे अचानक दिसले तर कोणाच्याही काळजात धस्स होते, आणि ते त्याच्या आईवडिलांची मर्जी संपादण्यासाठी नव्हे. मानवी स्वभावात करुणेचा अंकुर असतो, हे या उदाहरणातून सिद्ध होत असेल. परंतु राखण करणाऱ्याचे काम मूल विहिरीच्या काठाशी पोहोचण्यापूर्वीच सुरू झालेले असते. हे काम यशस्वी होते तेव्हा काहीच घडत नाही आणि त्यामुळे ते कोणाच्या नजरेस पडत नाही. फळ दिसत नसतानाही कर्म चोख करणे, ही निष्काम कर्माची कसोटी येथे रोजच्या रोज लागते.

अशा कर्मासाठी लागणाऱ्या गुणाला बौद्ध परंपरेत अप्रमाद म्हटले आहे आणि धम्मपदाचा दुसरा वर्ग त्यालाच वाहिलेला आहे. अप्रमाद म्हणजे गाफील न राहण्याची, अभ्यासाने अंगी बाणवलेली वृत्ती. पाळणाघरात तिला अगदी ठोस रूप असते. न्हाणीघरातील बादलीत चार बोटे पाणी राहिले तरी रांगते मूल त्यात बुडू शकते आणि ते बहुधा आवाज न करता बुडते, म्हणून वापर संपताच बादली उपडी केली जाते. वर्षाच्या आतील बाळाला पाठीवर निजवले जाते आणि दुपारी सगळी मुले झोपल्यावरही त्यांच्या श्वासाकडे लक्ष ठेवले जाते. शेंगदाणे, मणी, नाणी मुलांच्या हाताला लागू दिली जात नाहीत. अंगणातून खोलीत येताना, म्हणजे गडबडीत एखादे मूल मागे राहण्याचा धोका सर्वाधिक असताना, नाव घेऊन आणि चेहरा पाहून मुले मोजली जातात. डोळ्यात तेल घालून राखण करणे ते हेच.

परंतु मुलाला जागेवर डांबून ठेवले तरीही अपघात टळतात, आणि म्हणून सुरक्षितता हे एकमेव मूल्य मानता येत नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले तेव्हा निरीक्षणाला त्यांनी शिक्षिकेचे मुख्य काम मानले, कारण मूल स्वतःहून काय करू पाहते हे कळल्याशिवाय त्याला मदत करता येत नाही. हाच विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भारतीय परिस्थितीत रुजवला. पुढे १९४५ पासून ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे तो ग्रामीण व आदिवासी मुलांपर्यंत नेला. या दृष्टीने पाहता चांगल्या देखरेखीत आधी परिसर निर्धोक केला जातो, जेणेकरून त्या परिसरात मुलाला वारंवार ‘नको’ म्हणावे लागू नये. भिंतीवरील कॅमेऱ्याला हे साधत नाही. तो घडलेले टिपून ठेवतो आणि त्याचा पुरावा म्हणून उपयोग आहे, परंतु पडणाऱ्या मुलाला तो हात देऊ शकत नाही.

येथे तिसरा प्रश्न उभा राहतो. माणसाचे लक्ष मर्यादित असते आणि त्या मर्यादेपलीकडची अपेक्षा ठेवून नंतर दोष देणे हा अन्याय आहे. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाच्या गुणवत्ता निकषांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी, असे प्रमाण सांगितले आहे. हे आकडे प्रशासकीय वाटले तरी त्यांचा आशय नैतिक आहे, कारण एका माणसाकडून किती जिवांची राखण मागता येते याची सीमा ते आखतात. १९७५ पासून चालत आलेल्या अंगणवाडी व्यवस्थेत मुलांकडे पाहणाऱ्या सेविकेलाच पोषण आहार, सर्वेक्षणे आणि नोंदवह्या सांभाळाव्या लागतात आणि त्याबद्दल तिला वेतनाऐवजी मानधन मिळते. जिच्याकडून अखंड सावधपणाची अपेक्षा केली जाते, तिचे लक्ष समाजच अनेक ठिकाणी विभागून टाकतो.

म्हणून पाळणाघरातील सुरक्षिततेचा विचार सेविकेच्या सद्गुणापाशी थांबवता येत नाही. तिच्यावर मुलाचे ऋण आहे, तसेच तिचे ऋण पालक, संस्था आणि शासन यांच्यावर आहे. मूल सोपवताना पालकांनी खेळण्यांची संख्या आणि भिंतींचे रंग पाहण्याआधी एका सेविकेमागे किती मुले आहेत, ती क्षणभर उठली तर तिची जागा कोण घेते आणि तिला पुरेशी विश्रांती व योग्य मोबदला मिळतो का, हे विचारावे. ही उत्तरे समाधानकारक नसतील, तर त्या संस्थेत मुलाच्या सुरक्षिततेची हमी कोणालाही देता येणार नाही.