दान आणि ‘न मम’

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन भेद सांगितले आहेत. वीस ते बावीस या श्लोकांचे मनन केले असता ध्यानात येते की, तेथे रकमेविषयी एक अक्षरही नाही. दात्याचा भाव कसा आहे, देश-काल-पात्र यांचा विचार झाला की नाही, आणि दान आदराने दिले की तुच्छतेने, एवढेच भगवंत पाहतात.

यांपैकी ‘काल’ या शब्दाचा अर्थ आपण गृहस्थ बहुधा पर्वकाळ एवढाच घेतो. परंतु दान दिल्यानंतरही काळ पुढे जातच असतो. अमेरिकेतील सेंट लुइस नगराचे माजी महापौर ब्रायन मलन्फी १८५१ मध्ये निवर्तले. पश्चिमेकडे वस्ती करण्यास निघालेल्या वाटसरूंच्या साहाय्यासाठी त्यांनी आपल्या संपत्तीचा तिसरा हिस्सा ठेवला होता. हेतू अत्यंत उदात्त! पण पुढे आगगाड्या आल्या, बैलांच्या तांड्यांनी प्रवास करणारे विरळ झाले, आणि निधीला योग्य याचक मिळणे कठीण होऊन बसले. धन आहे, समोर नगरात दुःखही आहे. पण मध्ये मृत्युपत्राचा शब्द आडवा आलेला. कायदेपंडित अशा बंधनाला ‘मृताचा हात’ म्हणतात.

हे बंधन सोडविण्याचा विचार क्लीव्हलँड नगरातील एका पेढीचे अध्यक्ष फ्रेडरिक गॉफ यांनी केला आणि १९१४ मध्ये तेथे नगरनिधीची स्थापना झाली. अनेक दात्यांची लहानमोठी दाने एकत्र ठेवावी, त्यांचे उत्पन्न नगराच्या गरजा जाणणाऱ्या नागरिकांच्या समितीने वाटावे, आणि एखादा हेतू कालबाह्य झाल्यास समितीने ते धन दुसऱ्या लोकोपयोगी कार्याकडे वळवावे, अशी ती योजना होती. त्या निधीने आरंभी नगराचीच पाहणी केली. १९१५-१६ मध्ये तेथील शाळांची सविस्तर तपासणी झाली. आधी पात्रपरीक्षा, मग दान, हा क्रम शास्त्रसंमतच आहे. या धर्तीचे निधी पुढे अनेक देशांत निघाले. सेवाभावी संस्था आपले कार्य व अपेक्षित खर्च लिहून अर्ज करतात, समिती विचार करून अनुदान देते, आणि नंतर संस्था हिशेब सादर करते, अशी त्यांची सर्वसाधारण रीत आहे.

येथे कोणी शंका घेईल की, दात्याने सांगितले त्याहून वेगळ्या कार्यास धन लावणे हा विश्वासघात नव्हे काय? मनमानी केल्यास तो विश्वासघातच होय. पण दात्याचा शब्द आणि दात्याचा हेतू यांत भेद असतो. निराश्रित वाटसरूला आधार मिळावा हा हेतू. वाहन कोणते, हा तपशील. आपल्याकडेही मुंबई राज्याच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त अधिनियमात, मूळ हेतू साधणे अशक्य झाल्यास न्यायालयाच्या आज्ञेने धन अन्य कार्यास लावण्याची सोय ठेवलेली आहे.

आणि यज्ञात यजमान काय म्हणतो? आहुती देताना तो ‘न मम’ असा त्याग उच्चारतो. हात रिता झाल्यावरही ‘माझ्या नावाची पाटी, माझ्याच अटी’ असा आग्रह राहिला, तर द्रव्य गेले आणि ममत्व मात्र घरातच उरले. हेच राजस दान.

पण निधीची समितीही सात्त्विकच असेल असे नाही. मी स्वतः एका लहानशा निधीच्या समितीत काही काळ बसलो आहे. एक वृद्ध बाई बालवाडीसाठी थोडेसे साहाय्य मागण्यास आल्या. हिशेबाच्या कागदात क्षुल्लक चूक होती. ती दाखवून मी त्यांना परत पाठविले. दुसऱ्या वेळी त्या आल्या, तेव्हा बाहेर ताटकळत ठेवले. तिसऱ्यांदा त्या आल्याच नाहीत. कागद पुढे निर्दोष झाला असता; परंतु माझे दान त्यापूर्वीच तामस झाले होते. धन तर माझे नव्हतेच, तरी तिरस्कार माझाच होता! आजही सतरावा अध्याय वाचताना बाविसाव्या श्लोकाशी मी अडखळतो.

यास्तव गृहस्थांनी एवढे तरी करावे. देताना हेतू स्पष्ट सांगावा, पण काळानुसार मार्ग बदलण्याची मोकळीक ठेवावी. घेणाऱ्या संस्थेची चौकशी अवश्य करावी. परंतु चौकशी म्हणजे अपमान नव्हे. आणि जे कोणी दुसऱ्यांचे धन वाटण्याच्या आसनावर बसले असतील, त्यांनी दाराशी आलेल्या सेवकास प्रथम बसावयास सांगावे, मग कागद मागावा. दान घेणारा आपल्याला त्यागाची संधी देतो. उपकार त्याचे आहेत.

हातून दान सुटावे आणि त्याबरोबर ‘मी दिले’ हेही सुटावे, अशी बुद्धी भगवंत आपणा सर्वांस देवोत.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥