फुकटाचे ऋण

आज एका साध्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. जी वस्तू देणाऱ्याने आपण होऊन, मोबदला न मागता दिली, ती घेणाऱ्याच्या माथी काही ऋण राहते काय? प्रश्न जुना आहे. परंतु मला तो पोथीत भेटला नाही, हातातल्या मोबाइलात भेटला. आणि भेटला तोही माझ्याच अपराधाच्या रूपाने. म्हणून आरंभी तो अपराधच सांगून टाकतो.

कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव हिंडणे होते. नातवाने माझ्या मोबाइलवर पंचांगाचे एक लहानसे अ‍ॅप घालून दिले होते. तिथी, नक्षत्र, एकादशी, सगळे मराठीत. जाहिरात नाही, वर्गणी नाही. दोन वर्षे मी ते रोज उघडीत असे, पण हे कोणी केले असेल, असे विचारण्याची बुद्धी एकदाही झाली नाही. पुढे मोबाइलची आतली व्यवस्था बदलली आणि अ‍ॅप उघडेना. ऐन दशमीला माझी पंचाईत झाली. मी चिडलो. नातवाला म्हणालो, "एकच तारा दे. आणि लिही, असलं अर्धवट काम लोकांच्या गळ्यात मारू नये म्हणावं." त्याने लिहिले. दोन दिवसांनी खाली उत्तर आले. कोणी तरुण होता. नोकरी सांभाळून रात्री हे काम करतो, घरी आजारपण आहे, थोडा अवधी द्यावा, क्षमा असावी, एवढेच. तीन महिन्यांनी ते अ‍ॅप तेथून नाहीसे झाले. माझ्याच चार शब्दांनी झाले असे मी म्हणत नाही. पण त्यांचा त्यात काहीच भाग नव्हता, असेही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

मन खाऊ लागले. तेव्हा नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही एकटेच नाही. याहून मोठी गोष्ट घडलीय." आणि त्याने २०२४ सालची हकीकत सांगितली. मी ती त्याच्याकडून दोनतीनदा समजावून घेतली, ती येथे देतो.

आधी थोडी पूर्वपीठिका. संगणकाने काय करावे हे सांगणारा एक लेख असतो, त्याला प्रोग्रॅम म्हणतात. पुष्कळ कंपन्या हा लेख कुलपात ठेवतात आणि त्याचे फळ तेवढे विकतात. पण काही मंडळींनी तो उघडा ठेवला : या, वाचा, वापरा, सुधारा, पुढे द्या. ह्याला ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन ह्या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली अशा मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स'ची सुरुवात केली. आज ज्याच्या हातात अँड्रॉइडचा मोबाइल आहे, त्याच्या मोबाइलाच्या गाभ्यात तेच लिनक्स आहे. फार काय, मुंबईच्या 'एक टाइप' ह्या मंडळींनी घडविलेला 'मुक्त' हा देवनागरी टंकसुद्धा असाच सर्वांना मोकळा आहे. म्हणजे आपण पडद्यावर मराठी वाचतो, त्यातही कोणाचे तरी दान असते.

आता हकीकत. 'एक्सझेड' नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. मोठी फाइल दाबून लहान करणे, आणि पुन्हा होती तशी उलगडणे, हे त्याचे काम. अंथरुणाची वळकटी बांधावी तसे. दिसायला किरकोळ, पण जगातील असंख्य लिनक्स यंत्रांत तो बसलेला आहे. फिनलंडचे लासे कॉलिन हे गृहस्थ सुमारे पंधरा वर्षे तो सांभाळीत आले होते. पगार नाही, कचेरी नाही. २०२२ साली काही नावांनी त्यांना पत्रे येऊ लागली : काम फार मंद आहे, सुधारणा पडून आहेत, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. कॉलिन यांनी उघडपणे उत्तर दिले की, मनाचे आरोग्य बरेच दिवस ठीक नाही आणि हे बिनपगारी छंदाचे काम आहे, हे ध्यानात घ्यावे. तरी टोचणी थांबली नाही.

ह्याच सुमारास 'जिया टॅन' असे नाव लावणारा एक मदतनीस पुढे आला होता. २०२१ पासून तो सुधारणा पाठवीत होता. बोलणे नम्र, काम नेटके. थकलेल्या माणसाला आधार मिळाला. हळूहळू विश्वास बसला आणि २०२३ साली नव्या आवृत्त्या काढण्याचा अधिकारही त्याच्याकडे गेला. फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्ये निघालेल्या दोन आवृत्त्यांत त्याने एक चोरदार लपविले. त्या दारातून, ज्याच्याजवळ किल्ली आहे त्याला, दूरच्या यंत्रात परस्पर शिरता आले असते. दोनअडीच वर्षे सेवा केली ती ह्या एका दिवसासाठी! त्या नावामागे खरे कोण होते, ते उघडकीस आलेले नाही.

हे पकडले कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याने. तो मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीस असून 'पोस्टग्रेस' ह्या मुक्त प्रणालीवर काम करतो. चाचण्या घेताना त्याला दिसले की, यंत्रात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धे सेकंद जास्त लागत आहे. अर्धे सेकंद! एरवी डोळ्याची पापणी दोनदा लवली तर आपण हिशेब ठेवतो काय? त्याने ठेवला. मागोवा घेत घेत तो चोरदारापर्यंत पोहोचला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सर्वांना सावध केले. दूषित आवृत्त्या तोवर बहुतेक चाचणीच्या प्रणालींतच पोहोचल्या होत्या, म्हणून मोठा अनर्थ टळला. मग घर कोणी झाडले? त्याच कॉलिन यांनी. मे २०२४ मध्ये शुद्ध केलेली आवृत्ती त्यांनीच काढली.

वाचकहो, ह्या गोष्टीत मला सर्वांत अधिक टोचले ते चोरदार नव्हे. टोचली ती पत्रे. ती पत्रे लिहिणारी नावे त्याच कटातील असावीत असा अभ्यासकांचा तर्क आहे. ती नावे पुढे कोठे दिसली नाहीत. पण त्या वेळी कोणालाच संशय आला नाही. का आला नाही? तर अशी पत्रे रोजच येतात म्हणून. फुकट वापरायचे आणि वर करवादायचे, हे इतके सर्रास की त्यात खोटे काही दिसलेच नाही. चोराला सोंग घ्यायचे होते. साधूचे सोंग एकाने घेतले, ही जुनीच रीत. पण बाकीच्यांनी सोंग घेतले कोणाचे? आपले! तुमचेआमचे, फुकट्या गिऱ्हाइकाचे. माझा एक तारा आणि ती पत्रे शेजारी ठेवली, तर भाषेवरून कोणाला निवडता येणार नाही. हे कळले त्या दिवशी मला जेवण गोड लागले नाही.

आता पूर्वपक्ष ऐकू. कोणी म्हणेल, "बुवा, देणाऱ्यानेच लिहून ठेवलेले असते की ही वस्तू जशी आहे तशी घ्या, आम्ही हमी देत नाही. मोबदल्याचे नावही नाही. मग ऋण आले कोठून?" म्हणणे खरे आहे. कायद्याने ऋण नाही. परंतु ऋणाचे दोन प्रकार आहेत. सावकाराचे ऋण सावकार मागतो. दाराशी येतो, कागद दाखवितो. शास्त्राने ऋषिऋण म्हणून सांगितले आहे, ते कोण मागावयास येतो? ज्यांनी विद्या शोधली, जपली, शिकविली, ते तर केव्हाच गेले. तेथे दस्तऐवज नाही, साक्षीदार नाही. घेणारा विसरला की ते बुडाले. म्हणूनच ते अधिक जड. ज्या ऋणाची आठवण ठेवणारा एकटा ऋणकोच आहे, त्यात त्याच्या माणुसकीची परीक्षा होते.

दुसरा म्हणेल, "त्याने हौसेने केले, त्याचा आनंद त्याला मिळाला. फिट्टंफाट." हाही मुद्दा पाहू. सप्ताहाची पंगत तुम्ही पाहिली आहे. पहिला घाणा टाकताना आचाऱ्याला हौस असते. हजारावे पान वाढताना हौस संपलेली असते. उरते ते व्रत. पहाटे तीनला उठलेला तो माणूस घामाने भिजून भाजी वाढतो आणि आपण म्हणतो, "अळणी आहे हो!" मुक्तस्रोताचेही असेच आहे. नवे काही रचण्यात आनंद खरा. पण पंधराव्या वर्षी कोणा अनोळखी माणसाची अडचण रात्री जागून सोडविण्यात आनंद किती आणि कष्ट किती, ते ज्याचे त्याला ठाऊक. २०१४ साली 'ओपनएसएसएल' ह्या प्रणालीत 'हार्टब्लीड' नावाचे मोठे छिद्र सापडले. इंटरनेटवरील पुष्कळशी गुपिते त्या प्रणालीच्या भरवशावर होती. आणि तिला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर, पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच! सारा गाव एका पाणक्याच्या खांद्यावर, आणि पाणक्याचे नाव कोणालाच माहीत नाही.

तिसरा विचारील, "मग दोष दिसला तरी गप्प बसावे काय?" मुळीच नाही. फ्रॉइंड गप्प बसला असता तर काय झाले असते? पण त्याने आधी मोजले, मग शोधले, मग नेमके सांगितले. त्याचे सांगणे ही सेवाच झाली. मीही दोषच सांगितला होता. पण मी काही मोजले नाही, विचारले नाही, नुसता टोमणा फेकला. तक्रार आणि टोमणा ह्यांत भेद एवढाच की, तक्रार काम नीट व्हावे म्हणून असते आणि टोमणा आपला राग उतरावा म्हणून.

ही टोमण्याची सवय आपल्याला लागली कोठे, तेही पाहिले पाहिजे. फेसबुक, इन्स्टाग्राम हेही आपण फुकटच वापरतो. पण ते फुकट निराळे. त्यांचे उत्पन्न बहुतेक सगळे जाहिरातींतून येते. आपण पडद्याकडे जितका वेळ पाहू तितके त्यांचे पीक. शेतकरी बैलाला कडबा घालतो, त्याला दान म्हणत नाहीत. तेथे ऋण नाही, कारण आपण रोज आपल्या लक्षाने किंमत मोजतोच आहोत. फेसबुकने २००९ साली आवडनिवडीचा अंगठा आणला, तेव्हापासून क्षणात पसंत, क्षणात नापसंत अशी बोटांना चटक लागली. ती चटक घेऊन आपण अन्नछत्राच्या दाराशी जातो आणि तेथेही गिऱ्हाइकासारखे वागतो. घोटाळा येथे आहे. फुकट ह्या एकाच शब्दाखाली व्यापार आणि दान दोन्ही झाकली गेली आहेत. विवेकाने ती निवडावी लागतात. ज्याने कधी विचारले नाही, त्याला दोन्ही सारखीच दिसतात.

मग हे ऋण फेडावे कसे? ज्यांच्याजवळ आहे त्यांनी द्रव्य द्यावे. तसे काही होऊ लागले आहे. जर्मनीच्या सरकारने २०२२ साली अशा कामांसाठी निधी उभा केला. आपल्याकडे बंगळूरच्या झिरोधा कंपनीने २०२४ साली वर्षाला दहा लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. चांगले झाले. ज्या मोठ्या कंपन्या ह्या फुकटाच्या पायावर माड्या चढवितात, त्यांचे हे कर्तव्यच आहे. परंतु तुमच्याआमच्यासारख्यांचे काय? ऋषिऋण द्रव्याने फिटत नाही, स्वाध्यायाने फिटते असे आपण शिकलो. म्हणजे मिळालेले जाणून घ्यावे आणि पुढे चालवावे. स्टॉलमन यांनी १९८९ साली जो परवाना लिहिला, त्यातही मर्म हेच आहे : घ्या, बदला, पण पुढे वाटाल तेव्हा तसेच मोकळे ठेवा. आणि ज्याला एवढेही जमत नाही, त्याला नाव विचारणे तरी जमते. ज्याचे रोज खातो त्याचे नाव ठाऊक नसणे, ही कृतघ्नतेची पहिली पायरी आहे. टोमणा ही दुसरी.

आता माझे सांगतो. त्या तरुणाचा पत्ता नातवाने खटपट करून मिळविला. मी त्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहिले : "चिरंजीव, दोन वर्षे तुमच्या कष्टांवर माझ्या एकादशा झाल्या. मी तुम्हाला एक तारा दिला. तो माझ्याच पदरात पडला आहे." उत्तर आले, ते येथे सांगण्याचे कारण नाही. अ‍ॅप त्याने पुन्हा चालू केले नाही, आणि त्याने ते करावे असा माझा हट्टही नाही. मी आता छापील पंचांग पाहतो. पान उलटताना त्या मुलाची आठवण होते. ऋण फिटले असे म्हणत नाही. ते आहे, एवढे विसरत नाही. असो.

रामकृष्णहरि.