सुटलेला टाका

इंदूरला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांखाली उतरतो, तेव्हा उघड्यावर बसणाऱ्या रखवालदाराला मफलर हवाच. तो विणण्यासाठी आम्ही नवशिक्यांनी जाड लोकर व 8 मिलिमीटरच्या सुया आणल्या. 20 टाके घातले. सगळ्या ओळी सुलट, म्हणजे कडा गुंडाळत नाहीत. वीतभर विणल्यावर खाली एक टाका सुटलेला दिसला. क्रोशाच्या सुईने तो वर उचलता येतो, पण ते कसब आमच्याजवळ नव्हते. मनात आले, "फुकटच द्यायचा आहे, गरिबाला चालेल."

वाचकहो, हे "चालेल" ठरविण्याचा अधिकार देणाऱ्याला आहे काय? विकत घेणारा खोट दाखवून वस्तू परत करतो. फुकट घेणाऱ्याला ती सोय नसते. म्हणून त्याच्यासाठी आपणच अधिक चोखंदळ असले पाहिजे. शिवाय सुटलेला टाका तेथेच थांबत नाही. ओढ बसली की खालच्या ओळी सुटत जातात.

टबीथाने केलेली वस्त्रे यापोच्या विधवांनी पेत्राला रडत दाखविली. आमचा मफलर कोणी असा दाखवील काय?

आम्ही 12 ओळी उसविल्या. लोकर तीच राहिली. एक संध्याकाळ मात्र पुन्हा द्यावी लागली. रविवारच्या शाळेत दानाचा धडा शिकविताना ही संध्याकाळही हिशेबात धरावी.