अखेरचा हात

कारागीर आपल्या कामावरून अखेरचा हात फिरवतो, तेव्हा ते काम कोणासाठी पूर्ण होते? स्वतःसाठी, वापरणाऱ्यासाठी, की ज्याचा त्या वस्तूशी काहीच संबंध नाही अशा तिऱ्हाइतासाठी? घरी बांधलेली मोटार रस्त्यावर आणू म्हटले, की हा प्रश्न टाळता येत नाही.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी सुमारे ६०,००० रुपये खर्चून, भंगारातील भाग जोडून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत सर्वदूर पोहोचली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी मनापासून कौतुक केले. मात्र ती नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या तिला अडवतील, असे सांगून बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांना मिळाली. कौतुक झाले, मोबदला मिळाला. परंतु स्वहस्ते घडवलेल्या गाडीला रस्ता मिळाला नाही. याला न्याय म्हणावे काय?

पलसाण्याच्या चौकात मुंबई-अहमदाबाद महामार्गाला हजिऱ्याहून धुळ्याकडे जाणारा मार्ग छेदतो. तेथे जिवावर उदार होऊन कोणी रस्ता ओलांडत नसते. समोरचे वाहन वेळेवर थांबेल, या भरवशावर ओलांडत असते. तो भरवसा मोडण्याचा अधिकार कोणाच्याही प्रतिभेला नाही. ब्रिटनमध्ये घरी जुळवलेल्या मोटारीच्या तपासणीत बाहेर आलेल्या कडा किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोलवाव्या लागतात. गाडी बांधणाऱ्याला त्या गोलाईचा उपयोग नाही. ती आहे कधी काळी धडकू शकणाऱ्या अनोळखी माणसासाठी. आरसा, भोंगा, वळणदर्शक दिवा यांचेही तेच. रंग हा मालकाचा शृंगार. हे शेवटचे सोपस्कार म्हणजे परक्याविषयीचे कर्तव्य.

गायकवाडी अमदानीत पलसाणा नवसारी प्रांतात होते. त्या काळापासून या मुलखात रुजलेल्या मराठी घरांना हे वेगळे सांगायला नको. घरात रीत आपली, उंबऱ्याबाहेर सर्वांची.

तथापि कर्तव्य एकतर्फी नसते. ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्या गाडीचीही स्वतंत्र तपासणी करून तिला क्रमांक मिळू शकतो. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ वा नियम निर्मात्याने नमुना-वाहन चाचणी संस्थेकडे द्यावे असे सांगतो. ही व्यवस्था कारखान्यांच्या मापाची आहे. एकच गाडी घडवणाऱ्या खेड्यातील लोहाराच्या ऐपतीची नाही. समाजाने कारागिराकडे कडा गोलवण्याची मागणी अवश्य करावी. मात्र त्या गोलवून तो दाराशी आला, तर तपासणीसाठी दार उघडे असावे. नियम कठोर असला तरी चालेल, त्याची पायरी गरिबाला चढता यावी. तेवढे होईपर्यंत अशा गाडीवरचा अखेरचा हात समाजानेच फिरवायचा राहिला आहे, असे म्हणावे लागेल.